किल्लारी आठवते, चहा आठवत नाही

लेकरांनो, काल थोरल्या आजीनं किल्लारीचा भूकंप सांगितला तेव्हा कसे गप्प बसला होतात! ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत, अन् अंगावर दगडाच्या भिंती, माळवदाची माती. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. अन् लगेच म्हणाली, "मला चहा दिला का रे कुणी?" रिकामी कपबशी हातातच होती. तुम्ही फिदीफिदी हसलात. बरं, हसलात तर हसलात. आता त्यातलं नवल ऐका.

कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आज घडलेलं आधी त्याच्या हाती येतं. चहाचा वास मेंदूत एकीकडं, कपाचा रंग दुसरीकडं, देणाऱ्या सुनेचा आवाज तिसरीकडं. त्यांची गाठ तो मारतो. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं आठवत राहिली, की ते लांबचे भाग एकमेकांशी थेट जोडले जातात. मग त्याच्यावाचून बरंचसं भागतं. किल्लारी तशी मुरलेली, शिवाय भीतीच्या वेळचं जास्त टिकतं. चहा मात्र दारातच अडतो, कारण अल्झायमर हा विसरण्याचा आजार बहुधा त्या दारापासूनच, म्हणजे हिप्पोकॅम्पसपासूनच, पोखरायला लागतो.

१९०६ साली जर्मनीत डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका मरण पावलेल्या रुग्ण बाईचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर गुठळ्या, आत पीळ पडलेले धागे. पण पुढचं कळायला जवळपास शंभर वर्षं गेली. माणूस ओसरीवर नुसता बसला तरी मेंदू रिकामा नसतो. काही भाग एका लयीत चालूच असतात, जुनं घोळवत, उद्याचं जुळवत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना एमआरआयवर दिसलं, की अल्झायमरच्या सुरुवातीलाच हिप्पोकॅम्पसचा या भागांच्या जाळ्याशी असलेला मेळ सुटायला लागतो.

आपलं पूर्णा जंक्शन घ्या. नांदेड, परभणी, अकोला, तिन्ही वाटा तिथं मिळतात. तिथं खोळंबा झाला की पुढची स्टेशनं धडधाकट, पण गाडी काही पोचत नाही. मेंदूतही जंक्शनं आहेत, अन् जिथं सगळ्यात जास्त वर्दळ, तिथंच गुठळ्या लवकर साठतात. का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सुरुवातीला हिप्पोकॅम्पस तर उलट जास्तच राबताना दिसतो बिचारा.

"मग आजी किल्लारी पण विसरेल?"

हा आजार असेल तर हो, पुढं कधीतरी. जात्यावरच्या ओव्या बहुधा त्याच्याही नंतर.

पण असेल तर, म्हणालो मी. बी-१२ कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, मन खचलं, तरी माणूस असाच विसरतो, अन् त्यावर औषध आहे. म्हणून सोमवारी तिला लातूरला डॉक्टरांकडं न्यायचंय. गाडीत जागा दोघांचीच आहे; आत्तापासून भांडू नका.