सामाजी, शेमुएल आणि सॅम्युएल: बेने इस्राएल घरातलं नाव ठेवणं

आपल्या मुदखेडात बारशाला पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आज आपण एका मराठी ज्यू घरातलं नाव ठेवणं बघू.

बेने इस्राएल हे कोकणातले, घरात मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, असं ते परंपरेने सांगतात. धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं गावावरून पडली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर.

मुलाचं नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी ठेवतात. तेव्हा एक खुर्ची एलियाहू संदेष्ट्यासाठी राखलेली असते. मुलीचं नाव पाळण्यात घालून ठेवायची रीत आहे. हिब्रू नाव वडिलांच्या नावाला जोडूनच घेतात. मुलगा असेल तर मध्ये ‘बेन’, मुलगी असेल तर ‘बत’. हे नाव पुढे तीन ठिकाणी लागतं: सिनेगॉगमध्ये तोराह वाचायला पुकारताना, लग्नाच्या करारपत्रात, आणि शेवटी थडग्यावर. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना मात्र आईचं नाव जोडतात.

नाव निवडायचं कसं? पुष्कळ घरांत आजी-आजोबांचं नाव ठेवतात. युरोपातले अश्केनाझी ज्यू जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. सेफार्दी ज्यूंमध्ये ते चालतं, उलट आजोबांना त्याचा मान वाटतो. कुणी अर्थ बघतात. कवी निस्सीम इझिकेल याच समाजातले. ‘निस्सीम’ म्हणजे चमत्कार.

आता खरी गंमत ऐका. कोकणात हे लोक हिब्रू भाषा जवळजवळ विसरले, पण पुरुषांची नावं टिकली, मराठी वेषात. शेमुएलचा झाला सामाजी, यहेज्केलचा हसाजी. 1796 मध्ये मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. बायकांची जुनी नावं मात्र बहुतेक शेजारणींसारखीच असत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, बायबल हातात आलं, आणि सामाजी पुन्हा बायबलमधला झाला. पण तो शेमुएल न होता इंग्रजी वळणाचा सॅम्युएल झाला! मुलींनाही रिबेका, सारा, रेचल अशी नावं मिळू लागली.

1948 नंतर यांतले बहुतेक जण इस्राएलला गेले. इथे शेमुएल हे नाव वेगळं उठून दिसायचं. तिथे ते गल्लोगल्ली. तिथे वेगळं दिसतं ते ‘पेणकर’! काहींनी सोयीसाठी तेही बदललं. ज्यांनी ठेवलं, त्यांच्या नातवंडांना आपलं गाव कुठलं, हे आडनावावरून तरी विचारता येतं.

तुमच्याही घरात कुणी नांदेडकर, मुदखेडकर असतील. बाळाचं नाव निवडताना आपण बराच विचार करतो. आडनावात कुठलं गाव आहे, हेही त्याला एकदा सांगा.