वाहनाच्या धूरनळीचे सांधे : निवड, जोडणी आणि निगा

तासगाव तालुक्याची ओळख महाराष्ट्राला प्रामुख्याने द्राक्षांमुळे झाली. बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या जातीतून निवडलेले ‘तास-ए-गणेश’ हे वाण येथून सर्वदूर गेले आणि तासगावची बाजारपेठ बेदाण्यासाठी नावारूपास आली. या शेतीचा आणि तिच्यावर उभ्या असलेल्या ग्रामजीवनाचा बहुतेक व्यवहार आज चाकांवर चालतो. मांडवाखाली ब्लोअर ओढणारा लहान ट्रॅक्टर, पेट्या वाहणारा टेम्पो, टंचाईच्या दिवसांत पाणी पुरविणारा टँकर, ग्रामपंचायतीची घंटागाडी आणि मुलांना शाळेत नेणारी जीप, या सर्वांच्या इंजिनातून निघणारा धूर एका नळीवाटे बाहेर सोडला जातो. ग्रामीण भागात तिला सरसकट ‘सायलेन्सरचा पाईप’ म्हणतात. ती मोठ्याने वाजू लागेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. वास्तविक नळीपेक्षा तिचे सांधे अधिक लवकर निकामी होतात आणि धोका निर्माण होतो तो बहुधा तेथूनच.

सांध्यावर पडणारा ताण

भारावर चाललेल्या डिझेल इंजिनाच्या तोंडाशी धुराचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पेट्रोल इंजिनात ते ८०० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. तापलेले लोखंड लांबते. तीन मीटर लांबीची साधी पोलादी नळी ३०० अंशांनी तापली तर ती सुमारे ११ मिलिमीटर वाढते. निकेलयुक्त स्टेनलेस पोलादाची तेवढीच नळी सुमारे १५ मिलिमीटर वाढते. गाडी थांबली की ती पुन्हा आखडते. दिवसातून अनेकदा होणारी ही वाढ-घट ज्या सांध्याला पेलत नाही, तो सैल होतो किंवा तडकतो.

दुसरा ताण हादऱ्यांचा. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असल्यामुळे ते सुरू असताना एका बाजूने डोलते; नळीचा मागील भाग मात्र चॅसिसला टांगलेला असतो. तिसरा शत्रू म्हणजे पाणी. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या वाहनात ती थंड नळीत साठते आणि नळी आतून गंजू लागते. म्हणूनच काही सायलेन्सरच्या बुडाशी एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते ‘गळती’ समजून बुजविणे ही चूक होय.

सांध्यांचे प्रकार

पहिला प्रकार फ्लँजचा. शेजारच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी येथे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला. तेव्हापासून नांगर आणि पंप या भागाच्या परिचयाचे आहेत. विहिरीवरील पंपाच्या दोन चकत्या मध्ये पॅकिंग घालून बोल्टांनी आवळतात, तशीच रचना येथे असते. इंजिनाच्या मॅनिफोल्डशी, जेथे उष्णता व दाब सर्वाधिक, तेथे हाच सांधा योग्य. फरक एवढाच की पंपाचे रबरी पॅकिंग येथे क्षणभरही टिकणार नाही. त्यासाठी ग्राफाइटचे किंवा पत्र्याच्या थरांचे पॅकिंग लागते. जुन्या वाहनांत अ‍ॅस्बेस्टॉसचे पॅकिंग वापरले जात असे. त्याची धूळ फुप्फुसास घातक असल्यामुळे असे पॅकिंग कोरडे खरवडू नये. ते ओले करून काढावे.

दुसरा प्रकार स्प्रिंग-बोल्टच्या गोलाकार सांध्याचा. यात वाटीसारख्या बैठकीत एक कडे बसते आणि दोन स्प्रिंगा ते दाबून धरतात. इंजिन डोलले की सांधाही किंचित हलतो, पण धूर सुटत नाही. येथे नेहमी होणारी चूक म्हणजे स्प्रिंग पूर्ण चेपेपर्यंत बोल्ट आवळणे. तसे केल्यास सांध्याची लवचिकता संपते आणि पुढे नळीच तुटते.

तिसरा प्रकार म्हणजे लवचिक जाळीदार नळीचा. घड्या घातलेल्या पोलादी पत्र्यावर तारेची जाळी विणलेली असते. हादरा गिळणे हे तिचे काम. नळीचे वजन पेलणे हे नव्हे. ती पिरगळून किंवा ताणून बसविल्यास अल्पावधीतच फाटते.

चौथा आणि सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे एका नळीत दुसरी सरकवून क्लॅम्पने आवळणे. इंजिनाकडची नळी मागील नळीच्या आत गेली पाहिजे, म्हणजे धुराच्या वाटेत कडा येत नाही. साधारण ४० ते ५० मिलिमीटर नळी आत जाणे इष्ट. यासाठी बाजारात दोन तऱ्हेचे क्लॅम्प मिळतात. यू-बोल्टचा क्लॅम्प स्वस्त व मजबूत असतो. परंतु तो नळी दाबून तिला खाच पाडतो आणि पुढे ती सोडविताना बहुधा कापावीच लागते. रुंद पट्ट्याचा क्लॅम्प सर्व बाजूंनी सारखा दाब देतो, धूर कमी सोडतो आणि पुन्हा उघडता येतो. त्याची किंमत थोडी अधिक. पण ज्या सांध्यावर वारंवार काम करावे लागते, तेथे ती वसूल होते.

पाचवा प्रकार वेल्डिंगचा. गळतीच्या दृष्टीने तो सर्वांत पक्का. मात्र सर्वच सांधे वेल्ड केल्यास नळीला वाढण्यास वाव उरत नाही, आणि सायलेन्सर बदलायचा झाल्यास संपूर्ण नळी कापावी लागते. थोडक्यात, इंजिनाशी फ्लँज, त्यापुढे एक लवचिक सांधा, सायलेन्सरच्या दोन्ही अंगांस पट्ट्याचा क्लॅम्प आणि जेथे कधी उघडायचे नाही तेथेच वेल्डिंग, हा क्रम बहुतेक वाहनांस मानवतो.

गावठी उपाय आणि त्यांचे दोष

अडचणीच्या वेळी हाताशी असेल त्यावर काम भागविण्याची वृत्ती ग्रामीण कारागिरीचे बळ आहे. परंतु धूरनळीच्या बाबतीत ती सांभाळून वापरावी. फवारणीच्या रबरी नळीची स्क्रूची क्लिप येथे चालत नाही. ती उष्णतेने सैल पडते. डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने बांधलेला सांधा घरापर्यंत पोहोचण्यापुरता ठीक आहे, हंगामभर नव्हे. पाण्याची जस्ताचा मुलामा असलेली नळी तोडून वेल्ड करणे तर सर्वांत वाईट. जस्त सुमारे ४२० अंशांस वितळते आणि वेल्डिंगच्या ज्वाळेत त्याची वाफ होते. ती वाफ हुंगणाऱ्या कारागिरास त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो.

बोल्ट आवळण्याचीही रीत आहे. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. इंजिन एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर ते पुन्हा तपासावेत. मॅनिफोल्डवर पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले नट वापरल्यास ते गंजून आट्यांत अडकत नाहीत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात आणि इंधनाची टाकी व नळ्या दूर अथवा झाकलेल्या आहेत याची खात्री करावी.

नळी टांगण्याची पद्धतही सांध्याइतकीच महत्त्वाची आहे. रबरी टांगणी तुटली की तिच्या जागी लोखंडी तार बांधली जाते. तारेमुळे हादरा गिळला जात नाही. तो थेट पुढच्या सांध्यावर जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत तेथे तडा दिसतो. मग दोष क्लॅम्पला दिला जातो. म्हणून सांधा वारंवार सुटत असेल तर प्रथम टांगण्या पाहाव्यात.

द्राक्षबागेतील विशेष काळजी

बहुतेक मोठ्या ट्रॅक्टरचा धूर बॉनेटवरील उभ्या नळीतून वर जातो. मांडवाखाली हे शक्य नाही. गरम धुराने पाने व घड होरपळतील. म्हणून बागेतील लहान ट्रॅक्टरची नळी खालून आडवी काढतात. अशा वेळी सांधा जमिनीलगत येतो. चिखल, फवारणीचे पाणी आणि वाळलेला पालापाचोळा त्याच्या निकट असतो. भुरीच्या बंदोबस्तासाठी गंधकाची धुरळणी करताना तर अधिक दक्षता हवी. गंधक अडीचशे अंशांच्या आतच पेट घेऊ शकते, आणि गळक्या सांध्यातून येणारा धूर त्याहून कितीतरी गरम असतो. बेदाणा शेडमध्ये जाळ्या, प्लॅस्टिकचे कापड आणि सुकलेला माल एकत्र असतो. तेथे ट्रॅक्टर आत घेऊन इंजिन चालू ठेवणे टाळावे.

दिसत नाही तो धोका

पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. डोके दुखणे, मळमळणे, सुस्ती येणे ही त्याची पहिली लक्षणे होत. डिझेलच्या धुरात हा वायू कमी असला तरी काजळी अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना मानवास कर्करोगकारक पदार्थांत केली.

धावत्या वाहनाच्या मागे हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे मागील दार अथवा फाळका उघडा ठेवून जाणाऱ्या जीपमध्ये धूर आत ओढला जातो. त्यातच तळाखालचा सांधा फुटलेला असेल आणि फरशीच्या पत्र्याला गंजून भोके पडली असतील, तर मागच्या बाकावरील मुले तो वायू घेत शाळेत पोहोचतात. मुलांना सकाळी डोकेदुखी होते, वर्गात पेंग येते. याचे कारण अभ्यासाचा कंटाळा किंवा उपाशीपोटी येणे हेच असेल असे नाही. वाहनाखाली वाकून पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

नियम काय सांगतात

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये याविषयी स्पष्ट तरतुदी आहेत. नियम ११३ अन्वये धूरनळी ही इंजिनाकडे जाणाऱ्या इंधननळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. नियम ११४ प्रवासी वाहनांबाबत आहे. त्यानुसार नळीवर ज्वालाग्राही पदार्थ पडणार नाही अशी ती बसविलेली वा झाकलेली असावी, आणि तिचे तोंड मागील बाजूस शक्य तितके उजवीकडे असावे, जेणेकरून धूर वाहनात शिरणार नाही. नियम १२० प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर आवश्यक आहे. हवा व ध्वनी प्रदूषणाच्या मर्यादांचा भंग केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या वाहनांत नळीवर संवेदक बसविलेले असतात. त्यांच्या अलीकडे सांधा गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरून चुकीची नोंद होते आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. अशा वाहनांत ठराविक मापाचाच सुटा भाग वापरावा.

तपासणीची सोपी रीत

गळती शोधण्यास महागडे उपकरण लागत नाही. इंजिन थंड असताना सुरू करावे आणि टकटक असा आवाज कोठून येतो ते ऐकावे. सांध्याभोवती काळ्या काजळीचा पट्टा दिसल्यास तेथे धूर सुटतो हे निश्चित. पंक्चर काढणारा कारागीर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो. तोच न्याय येथे लावता येतो. इंजिन बंद व नळी थंड असताना मागील तोंडातून कॉम्प्रेसरची हवा हलक्या दाबाने सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. गाडीखाली जाण्यापूर्वी चाकांना ओंडके लावावेत. केवळ जॅकच्या आधारावर विसंबू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कदापि करू नये.

महाराष्ट्रातील २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. वाहनाची कागदपत्रे पाहतानाच धूरनळी, टांगण्या आणि फरशी यांची सत्रातून एकदा पाहणी करण्याचा शिरस्ता या समितीने घातल्यास त्यास वेगळा खर्च येणार नाही. ग्रामपंचायतींना टँकर व घंटागाडीच्या देखभालीच्या नोंदवहीत हाच एक रकाना वाढविता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचे प्रशिक्षणार्थी द्राक्षहंगामापूर्वी गावात एक दिवस तपासणी करू शकतील. त्यांना अनुभव मिळेल आणि गावाला सेवा. एका क्लॅम्पची किंमत नगण्य असते. वेळीच आवळलेला एक बोल्ट मात्र मागच्या बाकावरील मुलाचे आरोग्य आणि शेतकऱ्याचा वर्षाचा माल, या दोहोंचे रक्षण करू शकतो.