फ्लॅट नंबर लिहिलेली फाइल

छोट्या बिल्डरच्या साइट ऑफिसात घर घेणाऱ्याचं सगळं आयुष्य एका फाइलीत असतं. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीचं पत्र. ती जपायची जबाबदारी नवी नाही. 2009 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 43अ लागू झालं, तेव्हा त्यात भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाचा धंदाही धरला होता. म्हणजे तालुक्याच्या गावचा बिल्डरही. 2011च्या नियमांनी बँक खात्याचा तपशील आणि बायोमेट्रिक संवेदनशील ठरवलं. मोबाइल नंबर मात्र बाहेर राहिला, आणि या धंद्यात हातोहात फिरला तो नंबरच. साइट बघायला येणाऱ्यांची वही टेबलावर उघडी पडलेली असे. ताबा मिळायच्या आतच मॉड्युलर किचनवाल्यांचे फोन सुरू होत.

1 मे 2017 पासून महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने बिल्डरला प्रकल्पाची माहिती उघड करायला लावली. त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पहिली गोष्ट साइटवरच्या फलकापर्यंत पोचली, दुसरी ऑफिसातल्या कपाटापर्यंत पोचली नाही. उलट कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आले. आधारचे फोटो सेल्सच्या पोराच्या स्वतःच्या मोबाइलवर जमत गेले, आणि त्याने नोकरी सोडली की त्याच्याबरोबरच गेले.

धोका काय, ते 2018 मध्ये तेलंगणात दिसलं. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांच्या रबरी नकला करून सिमकार्डं चालू केली गेली. खरेदीखत म्हणजे घराचा सगळ्यात भरवशाचा कागद. चोरी झाली ती त्यातूनच.

2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता मोबाइल नंबरलाही कवेत घेतो. काम संपलं, कायद्याने ठेवणं भाग नसलं, की माहिती पुसायची. संमतीची सूचना मराठीत मिळण्याची सोयही द्यायची. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली.

आठ-दहा फ्लॅटच्या बिल्डरला यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. बुकिंगच्या वेळी शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार घ्यावं, कागद ऑफिसच्याच फोनवर मागवावेत, कपाटाला कुलूप लावावं. आणि ज्याचं बुकिंग रद्द झालं, त्याला पैशांच्या चेकबरोबर त्याच्या झेरॉक्सही परत द्याव्यात.