चिठ्ठी परक्याची, चूल आपली

मागच्या कार्यक्रमानंतर बचत गटातल्या एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सुनेला डेंग्यू झालाय. डॉक्टरांनी ना सुई दिली, ना अँटिबायोटिक. नुसती तापाची गोळी दिली आणि भरपूर पाणी पाजा म्हणाले. आम्ही गरीब म्हणून असं केलं का हो?"

नाही ताई, डॉक्टरांनी बरोबरच केलं. का, ते आज समजून घेऊ.

आपलं शरीर कोट्यवधी बारीक पेशींचं बनलेलं आहे. एकेक पेशी म्हणजे आपल्या गटाचा पापडाचा कारखानाच समजा. पीठ आहे, चूल आहे, काम करणारे हात आहेत. ऑर्डरची चिठ्ठी आली की तसा माल तयार होतो.

डेंग्यूच्या विषाणूकडे यातलं काहीच नाही. ना चूल, ना पीठ. त्याच्याकडे असते फक्त एक चिठ्ठी आणि तिच्यावर गुंडाळलेलं वेष्टन. एडिस जातीची डासाची मादी चावते, तेव्हा तिच्या लाळेतून ही चिठ्ठी आपल्या अंगात येते.

पेशीला वाटतं, काहीतरी कामाचं आलंय. ती विषाणूला छोट्याशा पिशवीत घालून आत ओढून घेते. आत गेल्यावर ती पिशवी आंबट होत जाते. विषाणू याच आंबटपणाची वाट बघत असतो. त्याने वेष्टन उघडतं आणि चिठ्ठी पेशीत सुटते.

पेशीतले कामगार आपली-परकी चिठ्ठी ओळखत नाहीत. आली की वाचतात आणि कामाला लागतात. या एका चिठ्ठीवरून एक लांबलचक पट्टी तयार होते. तिचे तुकडे होऊन 10 प्रथिनं बनतात. त्यातली 3 नव्या विषाणूच्या बांधणीला लागतात. उरलेली 7 चिठ्ठीच्या नकला काढायला आणि पेशीची राखण मोडायला मदत करतात. तयार माल पेशीच्याच नेहमीच्या वाटेने बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशी गाठतो. पीठ आपलं, सरपण आपलं, राबणारे हात आपले, आणि माल मात्र परक्याचा!

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, कारण जिवाणूचं स्वतःचं घर असतं, स्वतःची चूल असते. औषध नेमकं तेच मोडतं. विषाणू तर आपल्याच चुलीवर रांधतो. ती चूल विझवली तर नुकसान आपलंच. विषाणूची स्वतःची जी थोडी हत्यारं आहेत, ती निकामी करणारं औषध शोधायचं काम चालू आहे. पण डेंग्यूसाठी तसं मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. म्हणून आपलं शरीर त्याला आवरेपर्यंत रोग्याला सांभाळणं, हाच उपचार.

सांभाळायचं म्हणजे काय? पाणी, पेज, ताक, ओआरएस थोडं थोडं देत राहायचं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंगदुखीसाठी दुकानातून अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आणायचं नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

आणि हे नीट ऐका. ताप उतरला म्हणजे आजार गेला, असं नाही. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सगळ्यात जपण्याचे. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब घसरू शकतो. पोटात सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, शौच काळी होतेय, लघवी कमी झालीय, माणूस गळून गेलंय किंवा फार तळमळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा. आधी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर जास्त सावध राहा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो.

तीच चिठ्ठी डासाच्या पेशीतही चालते. तापाच्या रोग्याला डास चावला की विषाणू आधी डासाच्या पोटात वाढतो, मग लाळेच्या ग्रंथीत पोचतो. याला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. पुढे तो डास मरेपर्यंत रोग पसरवतो. म्हणून तापाच्या रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. एडिस मुख्यतः दिवसा चावतो.

खरी नाकेबंदी मात्र आपल्या पाण्याच्या भांड्यांत आहे. अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. रांजण, हौद, पिंप रिकामं करून आतून घासायचं. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरडीसुद्धा कित्येक महिने टिकतात. टायर, करवंट्या, कुलर, फ्रिजमागचं भांडं, तेही बघा. टाकीचं झाकण घट्ट बसवा.

एकटीने घर घासलं तरी शेजारचा डास येणारच. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत वार ठरवा, गल्ल्या वाटून घ्या आणि आशाताईंना सोबत घ्या. आणि फोन करणाऱ्या ताई, सुनेचा ताप उतरला असेल तर आज तिला एकटी सोडू नका. पाणी पाजत राहा, लक्ष ठेवा. नमस्कार!