ब्रेकचा आवाज आणि त्याचे कारण

निवासी शाळेला नवी गाडी क्वचितच परवडते. बहुधा वापरलेलीच घ्यावी लागते. तिच्या ब्रेकचा आवाज आला की विकणारा सांगतो, ‘जुन्या गाडीचा आवाज यायचाच.’ ऐकीव गोष्ट तपासल्यावाचून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आम्ही येथेही तेच म्हणतो : कार्य आहे तेथे कारण असतेच.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. सकाळची खरखर चार-पाच वेळा ब्रेक लावल्यावर थांबली, तर चिंता नको. बारीक किंचाळी रोजच येत असेल, तर पॅड तपासावेत. अनेक पॅडना पोलादी पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून सूचना देते. थर 3 मिलिमीटरपर्यंत उतरला की पॅड बदलावा. जड घरघर म्हणजे बहुधा थर संपून धातूवर धातू घासत आहे. ती गाडी चालवू नये. पायाला धक्के जाणवले, तर डिस्क असमान झिजलेली असू शकते. मागच्या चाकांत ड्रम असल्यास साचलेली धूळ व झिजलेले लायनर पाहावेत.

पुण्यात हा जिवाचा प्रश्न आहे. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तेथे गाडी न्यूट्रल केली, तर सारा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि पकड सुटते. 1927 च्या सत्याग्रहाचे चवदार तळे मुलांना दाखवायचे, तरी महाडकडे जाताना घाट उतरावाच लागतो. पालकांनी विश्वासाने सोपवलेली लेकरे त्या गाडीत असतात. म्हणून सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी चारही चाके काढून ब्रेक तपासून घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे.