जुन्या वास्तू, नवे संसार – लेखांक ७ : नाचघरातली प्रयोगशाळा

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी परिसरात उसाला रात्रीचं पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन निघतो, तेव्हा घरच्यांच्या मनात पहिली धास्ती असते ती सापाची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यांतलं कुणी डसलंच, तर सरकारी दवाखान्यात जिची वाट पाहिली जाते ती ‘सापाची लस’. तिच्या कुपीवर ‘हाफकिन’ हे नाव वर्षानुवर्षं लोकांनी वाचलं आहे. त्या नावामागे मुंबईच्या परळमधला एक प्रासाद उभा आहे. त्याच्या दिवाणखान्यात एकेकाळी गव्हर्नरसाहेबांच्या मेजवान्या झडत.

ही वास्तू मुळात प्रासादही नव्हती. पोर्तुगीज अमदानीत इथे जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि चर्च होतं. 1719 च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून याने ती जागा ताब्यात घेतली आणि तिथे हवापालटासाठी घर केलं. पुढे विल्यम हॉर्नबीच्या काळात, म्हणजे 1771 नंतर, गव्हर्नरांचा मुक्कामच परळला आला.

पेशवाई बुडवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1819 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने मूळ इमारतीच्या उजव्या-डाव्या अंगाला दोन पाखे जोडले. मधोमध मुख्य घर आणि दोन्हीकडे त्याचं वजन तोलणाऱ्या बाजू ही युरोपीय अभिजात शैलीची आवडती मांडणी. आपल्या वाड्याचा जीव आतल्या चौकात असतो. असा प्रासाद मात्र दर्शनी बाजूने बोलतो. 1820 च्या दशकात येऊन गेलेल्या बिशप हेबरने इथल्या देखण्या जिन्याची आणि एकावर एक असलेल्या दोन भव्य दालनांची नोंद केली आहे. प्रत्येक दालन 75 ते 80 फूट लांब. खालचं जेवणाचं, आणि तेच जुनं चर्च, असं त्याला सांगण्यात आलं होतं. चर्च पाडलं गेलं नाही, ते नव्या घराच्या पोटात सामावलं गेलं. या वास्तूचं दीर्घायुष्य इथेच सुरू होतं.

मग परळ बदललं. आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या, वस्ती दाटली. 1882 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचं याच घरात पटकीने निधन झालं. तीन वर्षांत गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला आणि प्रासाद ओस पडला.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीतल्या रुग्णांवरून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. ओडेसात जन्मलेले आणि पटकीच्या लशीवर आधीच काम केलेले वाल्डेमार हाफकिन त्याच ऑक्टोबरात मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. मागणी वाढत गेली, तशी जागा अपुरी पडू लागली. एकामागून एक बंगले बदलून झाले. अखेर 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या प्रासादात प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली.

त्या काळी लस बनायची कशी, हे पाहिलं की एवढ्या मोठ्या घराची गरज लगेच कळते. बोकडाच्या मांसापासून केलेला पोषक रस काचेच्या चंबूत भरायचा, त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि झुंबराच्या लोलकांसारखे खाली लोंबत. धक्का लागला की लोलक तुटले. म्हणून चंबू आठवडेच्या आठवडे हालचाल न करता ठेवावे लागत, अधूनमधून हलवून पुन्हा नवी वाढ घ्यावी लागे, शेवटी उष्णता देऊन जंतू मारले जात. असे चंबू रांगेने मांडायला प्रशस्त, मोकळी, शांत दालनं हवीत. नाचासाठी आणि पंगतींसाठी वापरल्या गेलेल्या दालनांत ती आयतीच मिळाली.

जुन्या वास्तूत संस्था आणायची, तर खोल्यांच्या मापाला शोभेल असं काम शोधावं, भिंती पाडून काम कोंबू नये. परळला हे जमलं, असं मानायला जागा आहे.

पुढे मात्र प्रयोगशाळेवर संकट आलं. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 1902 मध्ये प्लेगची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, ते निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. 1925 मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. 1932 मध्ये साहिब सिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे 1975 मध्ये लस-औषधांच्या उत्पादनासाठी वेगळं महामंडळ स्थापन झालं. पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरची ‘लस’ त्याच महामंडळाची. तिला लस म्हणतात खरं, पण ती घोड्यांच्या रक्तातून मिळवलेलं प्रतिविष असते.

जालना जिल्ह्यातून टाटा किंवा केईएम रुग्णालयात पेशंट घेऊन जाणारे अनेक जण आहेत. तपासण्यांच्या मधल्या ताटकळण्यात तासभर मिळाला, तर आचार्य दोंदे मार्गावर, हाकेच्या अंतरावर, ही इमारत आहे. फाटकावर परवानगी विचारावी आणि दर्शनी बाजू तरी डोळे भरून पाहून यावी.