विश्लेषण : व्हिक्टोरिया राणीचा मातीचा जुना अर्धपुतळा विकता येतो का?

यवतमाळसह वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. उद्या जुन्या वाड्यात राणीचा टेराकोटाचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा, अर्धपुतळा निघाला तर?

कायदा काय सांगतो?
पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुने शिल्प ‘पुरातन वस्तू’ ठरते. चेहरा कोणाचा, याला महत्त्व नाही. मुंबईतील राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासले होते. तो पुतळाही आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

विक्रीचे काय?
टेराकोटा शिल्पाची नोंदणी मालकाला बंधनकारक आहे. ते देशातच दुसऱ्याला देताना नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. व्यापाराला परवाना लागतो. खासगी व्यक्तीने परदेशी पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड.

वय कसे कळणार?
राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. मात्र नकला नंतरही होतात, म्हणून चेहऱ्यावरून वय ठरवू नका. वस्तू पुरातन आहे की नाही, याबाबत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो.

खोदकामात सापडला तर?
दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. पुतळा धुऊ नका. भाजलेली माती पाणी शोषते.